दुसरी बुडी

तू पाण्याखाली होतीस आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

मरवा, हे असंच झालं. तू जितका वेळ वर येईनास, तितक्या टाळ्या वाढत गेल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय दम आहे हो पोरीचा!" मी म्हटलं, "आमची शेजारीण आहे." तेवढ्यात काठावर उभ्या असलेल्या तन्वीने, माझ्या नातीने, पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अंगातल्या जड लोकरी झग्यासकट उडी टाकली. लोकांना वाटलं, हेही नाचातलंच आहे. आणखी टाळ्या.

मग समुद्राची एक लाट तलावाच्या भिंतीवरून आत आली. तन्वी एकदा वर दिसली, तोंड उघडं, आणि परत खाली गेली. तेव्हा कुठे लोक गप्प झाले. पोहायला आलेल्या दोन परक्या माणसांनी उड्या घेतल्या आणि तुम्हा दोघींना काठावर आणून शेजारी शेजारी आडवं घातलं. तुझ्या छातीवर एक जण दाब देत होता, तिच्या छातीवर दुसरा. मी मधे उभी. डावीकडे तू, उजवीकडे ती.

तुला खोटं सांगणार नाही. मी तन्वीकडे बघत होते. परत तुझ्याकडे बघितलं तेव्हा ॲम्ब्युलन्सची माणसं आली होती, आणि त्यांच्या तोंडावरून मला कळलं.

पोलीस आला. आम्ही सगळ्या बायका काळ्या साड्या नेसलेल्या. त्याने माझ्या मुलाला, महेशला, विचारलं, या बायका आधीपासूनच मयताच्या कपड्यांत कशा? समोर तुझ्यावर चादर घातलेली, पोरीला हॉस्पिटलात नेलेलं, आणि संक्रांतीला आम्ही काळं नेसतो हे महेशने कुठून सांगायला सुरुवात करायची? माझ्या हातात तिळगुळाचा डबा होता. तो मी घट्ट धरून ठेवला होता. घरी आल्यावर सुनेने तो माझ्या बोटांतून सोडवून घेतला.

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची मला हौस नाही. पण तुझ्याशी बोलायची सवय होती आणि आता कुंपणापलीकडे बघते तर तुझा टॉवेल दोरीवर वाळतोय. तो कुणी काढत नाही. मीही काढत नाही. परवा कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, झाकण काढलं तर आत नुसतं पाणी. तांदूळ घातलेच नव्हते.

तू इथे परदेशात, वॉलॉंगॉंगला, आमच्या शेजारी राहायला आलीस, तेव्हा कपडे वाळत घालताना नाचत होतीस. चिमटा लावायचीस, गिरकी घ्यायचीस, दुसरा चिमटा लावायचीस. मी तन्वीला म्हटलं, "ही बाई बरी आहे ना डोक्याने?" तन्वी म्हणाली, "आजी, शी टीचेस डान्स ॲट युनी." युनी म्हणजे युनिव्हर्सिटी, तन्वीही तिथेच शिकते. नाव विचारलं तर मार्वा. जन्म लंडनचा, आईबाप जमैकाचे. मी म्हटलं, आमच्याकडे मरवा म्हणजे बायका वेणीत माळतात तो वासाचा पाला. तुला ते इतकं आवडलं की पुढे तुझ्या आईशी फोनवर बोलतानाही तू स्वतःला मरवा म्हणायला लागलीस. माझं इंग्रजी 'नो वरीज'च्या पुढे गेलं नाही, म्हणून तुला मराठी शिकावं लागलं. तुझ्या मराठीत सगळे पुरुष बायका होते आणि सगळ्या बायका पुरुष.

एक दिवस म्हणालीस, "आजी, मी ट्यूडरचा नाच करतो." मला ऐकू आलं टू-डोअर. आमच्या घरी टू-डोअर फ्रीज आहे. मला वाटलं, बाईला जाहिरात मिळाली. मी म्हटलं, "चांगलं झालं. आमचा बघून जा, आतून पुसून ठेवते." तन्वी हसून हसून जमिनीवर लोळली. मग तिने समजावलं की ट्यूडर म्हणजे चारपाचशे वर्षांपूर्वीचे इंग्रजांचे राजे. आणि तू जोडलंस, "त्यांच्या राज्यात काळे लोक होते, आजी. माझ्यासारखे."

मी विचारलं, "गुलाम?"

"सगळे नाही." तुझा आवाज चढला. राजाच्या दरबारात एक काळा तुतारीवाला होता, म्हणालीस. जुन्या चित्रात तो घोड्यावर बसलाय, डोक्याला मुंडासं आहे. स्पेनहून राजाची राणी आली, तिच्याबरोबर एक काळी बाई आली, ती राणीचं अंथरूण घालायची. कुणी रेशीम विणायचा, कुणी सुया करायचा. चर्चच्या पुस्तकांत त्यांची लग्नं आणि मरणं लिहिलेली आहेत आणि नावापुढे 'काळा' असं लिहून ठेवलंय. आणि तुझ्या शाळेत राजाचं नाटक बसलं तेव्हा बाईंनी तुला सांगितलं, त्या काळी तुझ्यासारखं कुणी नव्हतंच, तू झाड हो. "आजी, पूरा नाटक मी झाड होता."

मला त्यात फार काही वाटलं नाही. मी मुरूडची. आमच्या समोर समुद्रात जंजिरा आहे. मी म्हटलं, "तुमच्या राजाने तुतारी वाजवायला ठेवला. आमच्याकडे आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांचा किल्लाच होता. महाराजांनासुद्धा घेता आला नाही."

तू कपड्यांची बादली खाली ठेवलीस आणि गवतात बसलीस. "किल्ला? त्यांचा? स्वतःचा?"

"मग काय भाड्याचा?"

येत्या डिसेंबरात मुरूडला जायचं ठरलं होतं. होडीत बसून मी तुला किल्ल्यात नेणार होते. माझा भाचा होडीवाल्याला ओळखतो. आता त्याला काय कळवायचं, ते महेशलाच बघू दे.

पण तुझा सगळा जीव एका पाणबुड्यावर होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा माणूस, इंग्लंडात बुडालेल्या जहाजांतला माल वर काढायचा. त्या देशात पोहता येणारी माणसं थोडी, आणि हा तळाशी जायचा. पुढे मालावरून भांडण लागलं आणि त्याला कोर्टात उभं केलं. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, हा गुलाम, हा आपल्या धर्माचा नाही, याच्या शब्दाला किंमत देऊ नका. तो त्याच्या भाषेत बोलला, दुभाष्याने सांगितलं आणि कोर्टाने लिहून घेतलं. एवढंच कागदावर आहे. तो कसा दिसायचा, कसा चालायचा, पाण्यातून वर आल्यावर पहिल्यांदा काय करायचा, ते काहीच नाही.

यावरून आपलं भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, "जे माहीत नाही ते नाचून दाखवणं म्हणजे थाप मारणं." तू म्हणालीस, थाप नाही, ती रिकामी जागा आहे, तिथे कुणी तरी उभं राहायला पाहिजे. मी म्हटलं, "रिकामी जागा दिसली की उभं राहायला तो काय बस स्टॉप आहे?" तू चिडून घरी गेलीस. संध्याकाळी परत आलीस ते विचारायला, की तुमच्याकडच्या बायका पुरुष नसताना काय नाचतात.

म्हणून मी मंगळागौरीचं सांगितलं. माझे गुडघे गेलेले, मी खुर्चीत बसून सांगितलं आणि तन्वीला तुझ्यासमोर उभं केलं. हात आडवे धरायचे, पाय जवळ, अंग मागे टाकायचं आणि फिरायचं. फुगडी. पहिल्या फेरीतच तन्वीने घाबरून हात सोडला आणि दोघी आपटलात. मी तिला झापलं. "काय वाट्टेल ते झालं तरी हात सोडायचा नाही! एकीने सोडला की दोघी पडतात." तू कंबर चोळत म्हणालीस, "आजी बरोबर बोलतो." नंतर राणीच्या अंथरुणवालीच्या नाचात तू ती फुगडी घातलीस. राणी झोपली की दोन बायका अंधारात फुगडी घालतात. इंग्लंडच्या राणीच्या खोलीत फुगडी! मी म्हटलं, हे तरी खरं असेल. बायका कुठेही असल्या तरी मालकीण झोपल्यावर काही तरी करतातच. तू माझ्या डोक्याची पापी घेतलीस. मला ते आवडत नाही हे तुला माहीत होतं.

एक मला तुला सांगायचं राहिलं. तुमची तालीम बघायला मी यायचे, कारण घरी कुणी मला कधी काही विचारत नव्हतं. बस, टीव्ही बघ, जेव, झोप. तू मला विचारायचीस, हा हात असा की तसा? मी काहीही सांगायचे. तू करून बघायचीस. या देशात सहा वर्षांत माझ्या सांगण्यावरून कुणी हात हलवला असेल तर तू.

आणि तालमीतच मी तुला तो शब्द शिकवला. तुतारीवाल्याचा नाच फार सुंदर झाला आणि मी खुर्चीतून ओरडले, "वन्स मोअर!" तू थांबलीस. तुला इंग्रजी कळत होतं, पण प्रकार कळला नाही. मग तन्वीने सांगितलं, की आमच्याकडे नाटकात पद आवडलं की लोक वन्स मोअर देतात आणि नटाला ते पुन्हा म्हणावं लागतं. मी म्हटलं, "नाही म्हणायचं नसतं. वन्स मोअर मोडला तर प्रेक्षकांचा अपमान."

तू हसत सुटलीस. जुन्या इंग्रजीत काळ्या माणसाला 'मूर' म्हणायचे, म्हणालीस. "आजी, तू ओरडला, आणखी एक मूर! आणखी एक काळा पाहिजे!" दिवसभर तू तेच बोलत होतीस. स्वयंपाकघरात पाणी मागतानासुद्धा, वन्स मूर.

संक्रांतीचा दिवस तूच धरलास. आमच्या मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम असतो, त्यात नाच ठेव म्हणालीस. बायका काळं नेसतात हे ऐकून तू विचारलंस, बाकीच्या दिवशी का नाही? मी म्हटलं, बाकीच्या दिवशी काळं अशुभ.

"म्हणजे वर्षात एक दिवस काळा चालतो?"

"अगं, साडीचं सांगतेय."

"मी पण साडीचं विचारतो, आजी."

मी विषय बदलला. आमच्याकडे पोरगी सावळी असली की तिचं लग्न कसं होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, माझंच तसं झालं. पण ते तुला सांगावंसं वाटलं नाही. सांगायला हवं होतं असंही मी आता म्हणत नाही. बोलायचं राहिलं, एवढंच.

त्या दिवशी पॅरामॅटाहून मंडळी आली होती, कुणी गाडीने, कुणी ट्रेनने. समुद्राकाठी खडकात बांधलेला तो पोहायचा तलाव. हवा चांगली होती. तुतारीवाला झाला, फुगडी झाली. मग तू पाणबुड्या झालीस. तन्वी दुभाष्या, लांब झगा घालून काठावर. तू बुडी मारलीस आणि बऱ्याच वेळाने वर आलीस ती लोखंडाचा एक गंजका तुकडा हातात घेऊन. तो काठावर ठेवलास. बोलायला तोंड उघडलंस तर आवाज नाही, नुसते हात. तुझे हात बघून तन्वी हातांनीच कोर्टाला सांगत होती. मी आतापर्यंत म्हणत होते की ही थाप आहे. त्या वेळी मला त्यात थाप दिसली नाही. मला त्या माणसाची तहान लागली असेल असं वाटलं.

आणि लोक ओरडले, "वन्स मोअर!"

मी ओरडले का? मला खरंच आठवत नाही. महेश म्हणतो, सगळेच ओरडत होते. तू ओली, धापा टाकत, हसत माझ्याकडे बघितलंस आणि एक बोट वर केलंस. मी मान हलवली. त्याचा अर्थ तू काय घेतलास, मला माहीत नाही. मी काय अर्थाने हलवली, तेही माहीत नाही. तू भराभर श्वास घेतलेस, फार भराभर, आणि गेलीस. डॉक्टर म्हणाले, तसे श्वास घेऊन लगेच खाली गेलं की माणसाची शुद्ध जाते आणि त्याला कळतही नाही. म्हणजे तुला कळलं नाही. बरं.

पोलिसाने फोनवर मराठी दुभाषी जोडून दिली. लोक काय ओरडले, त्याने विचारलं. मी म्हटलं, वन्स मोअर. दुभाषी बाईला सांगायला काही उरलंच नाही, शब्द इंग्रजीच होता. पोलिसाने लिहून घेतला. त्याला शब्द कळला. आम्ही तुझं कौतुक करत होतो, हे त्याच्या कागदावर कसं येणार?

तन्वी दोन दिवसांनी घरी आली. मरवा, आता मला तुझ्याशी तिच्याबद्दल बोलायचं आहे, कारण तुझं जे व्हायचं ते झालं.

ती शॉवरखाली उभी राहत नाही. बादलीत पाणी घेऊन तांब्याने खांद्यापासून खाली घेते. तोंडाला पाणी लावत नाही, ओल्या फडक्याने पुसते. युनीला जात नाही. सांगते एकच. तिने तुझा हात पकडला होता. खाली, तळाशी. झगा भिजून दगडासारखा झाला होता. लाट आली, तिला ओढलं आणि तिने हात सोडला.

"सुटला असेल," मी म्हटलं.

"नाही आजी. आय लेट गो. मी सोडला. मला वर यायचं होतं."

मी तिला सांगितलं की फुगडीचं ते जमिनीवरचं बोलणं. पाण्यात असं काही नसतं. तिने माझ्याकडे बघितलं. "यू सेड नेव्हर, आजी." मी पुष्कळ बोलले. एकही शब्द आत गेला नाही. आजी आपलं माणूस, ती चांगलंच बोलणार, म्हणून ती ऐकत नव्हती. मला धडकी भरली ती तेव्हा. एक गेली, आणि दुसरी पाण्यातून वर आलेलीच नाही, नुसती आमच्या घरात हिंडते आहे असं मला वाटायला लागलं.

काल तुझी आई आली. लंडनहून, काठी टेकत, माझ्याच वयाची. तुझं घर आवरायला आली होती, पण आधी आमची बेल वाजवली. महेश आणि सून कामावर. मी चहा टाकला. आम्ही दोघी टेबलाशी बसलो आणि एकमेकींकडे बघत राहिलो, कारण माझं इंग्रजी तुला माहीत आहे. मग मी तन्वीच्या खोलीचं दार वाजवलं. "बाहेर ये. मरवाची आई आली आहे. बोलायला माणूस पाहिजे."

ती आली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तुझ्या आईने काहीतरी विचारलं. तन्वीने सवयीने आधी मला सांगितलं, "आजी, त्या विचारतायत, ती खाली एकटी होती का?"

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे. तू सांग."

तन्वीने सांगितलं. बराच वेळ सांगत होती. मला 'हँड' कळलं आणि 'लेट गो' कळलं, बाकी काही नाही. चहावर साय धरली. तन्वीचं संपलं तेव्हा तुझ्या आईने काठी टेबलाला टेकवली, तिचा हात हातात घेतला आणि दोनतीन वाक्यं बोलली. तन्वी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं. "तन्वी, काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, बरं केलंस."

"आणि?"

"म्हणाल्या, धरून ठेवला असतास तर आज या टेबलाशी आम्ही दोघी म्हाताऱ्याच असतो."

मला हे सुचलं नसतं. सुचलं असतं तरी माझ्या तोंडून तिने घेतलं नसतं. ते बोलायचा हक्क एकाच बाईला होता आणि ती काठी टेकत इतक्या लांबून आली. तिला मी काय देणार? दुसऱ्यांदा चहा केला. ती प्याली. जाताना तिने तुझा टॉवेल दोरीवरून काढून नेला.

तन्वी टेबलाशी बसून राहिली. मग म्हणाली, भूक लागली आहे. मी भात टाकला.

पाण्यात तुम्ही दोघी होतात. तू मेलीस. तन्वी वाचली.